शब्दांची गाळणी की माणसाची नजर?

ऑनलाइन गटांतली शिवीगाळ आवरायला दोन वाटा आहेत: ठरावीक शब्द दिसले की मजकूर आपोआप अडवणारी गाळणी, नाहीतर वाचून निर्णय घेणारा माणूस.

गाळणी रात्री दोनलाही जागी असते आणि ओळखीपाळखीला भुलत नाही. पण तिला अक्षरं दिसतात, अर्थ नाही. १९९६ मध्ये इंग्लंडमधल्या स्कन्थॉर्पच्या रहिवाशांना एओएल या इंटरनेट सेवेवर खातं उघडता येईना, कारण गावाच्या नावातच एक इंग्रजी शिवी दडलेली. मराठीतही तेच. ‘भाड्या’ यादीत टाकलं की ‘दोन खोल्या भाड्याने देणे आहे’ ही साधी जाहिरात अडकते. मालवणीतलं ‘मेल्या, खंय होतंस?’ हे तर निव्वळ प्रेम! उलट मधे एक टिंब टाकलं, की खरी शिवी खुशाल पार होते. आणि ‘तुम्ही कोट्यातले, तुम्हाला काय कळणार’ यात यादीतला एकही शब्द नाही. मला हे वाक्य कुठल्याही शिवीपेक्षा विषारी वाटतं.

ते ओळखायला माणूसच हवा. मात्र त्याला झोप लागते, रागलोभ असतात, आणि दिवसभर घाण वाचून त्याचं मन पोखरतं. अमेरिकेत मजकूर तपासणाऱ्यांच्या मानसिक त्रासापोटी फेसबुकने २०२० मध्ये ५.२ कोटी डॉलर द्यायचं मान्य केलं, ते उगाच नव्हे.

म्हणून माझा कौल असा: गाळणीने फक्त थांबवावं, पुसू नये. पुसायचं की सोडायचं, ते ती बोली जाणणाऱ्या माणसाने ठरवावं, आणि त्या कामाच्या पाळ्या लावाव्यात.