जड कुंड्या हलवायच्या आहेत: चाकांचं स्टँड घ्यावं की दोनचाकी ट्रॉली?

गच्चीवर बाग आहे म्हटल्यावर कुंड्या हलवणं आलंच. मे महिन्यात वॉटरप्रूफिंगचं काम निघतं. पाऊस लागायच्या आत अडेनियम आणि निवडुंग पत्र्याखाली घ्यावे लागतात. दिवाळीनंतर सूर्य दक्षिणेकडे कलला की कठड्याची सावली लांबते आणि गुलाबांना नवी जागा शोधावी लागते. माणूस बोलवावा तर एवढ्याशा कामाला कोणी येत नाही. मग आपणच वाकतो, कुंडी कवेत घेतो, आणि पुढचे चार दिवस कमरेला शेक देत बसतो.

वजनाचा अंदाज आधी घेतलेला बरा. १६ इंची कुंडीत साधारण ३५ लिटर माती बसते. नुसती लाल माती असेल तर भिजल्यावर ती पन्नास-साठ किलोंच्या घरात जाते, शिवाय सिमेंटच्या कुंडीचं स्वतःचं वजन वेगळंच. अमेरिकेत कामगारांच्या आरोग्यावर काम करणारी एनआयओएसएच ही सरकारी संस्था आहे. तिच्या १९९१च्या सूत्रात सगळी परिस्थिती अनुकूल असतानाही एका माणसाने उचलायच्या वजनाची शिफारस २३ किलोंवर थांबते. वाकून, अंग पिळून, गोल आणि ओली वस्तू उचलणं या अनुकूल परिस्थितीत अजिबात बसत नाही. म्हणून उचलायचं कसं हा विचार मी सोडून दिला आणि न उचलता हलवायचं कसं एवढंच पाहू लागलो.

गोणपाटावर ठेवून ओढणं हा सगळ्यात स्वस्त उपाय. गुळगुळीत फरशीवर चार-सहा फूट सरकवायचं असेल तर आजही मी तेच करतो. खडबडीत कोब्यावर मात्र गोणपाट फाटतं आणि ओढताना कमरेवर ताण येतोच. खांद्यावरून घ्यायचे पट्टेही मिळतात, पण त्याला जोडीदार हवा, तोही साधारण आपल्याच उंचीचा. घरात तसं कोणी असेल तर उत्तम.

खरी निवड उरते ती चाकांचं स्टँड आणि दोनचाकी ट्रॉली या दोघांत.

स्टँड दिसायला सुबक, किमतीला परवडणारं. कुंडी कायमची त्यावर बसलेली असते, पायाने ढकललं तरी सरकते. बाल्कनीत व्हिट्रिफाइड टाइल्स असतील आणि एखाददुसरी मोठी कुंडी उन्हाकडे फिरवत राहायची असेल, तर दुसरं काही घेऊ नका असंच मी सांगेन. हॉलमधल्या रबर प्लांटला तेच योग्य. फक्त खाली बशी असलेलं स्टँड पावसाळ्यात उघड्यावर ठेवू नका. त्यात पाणी साचतं आणि डेंग्यूचे डास अशाच साठलेल्या पाण्यात वाढतात.

माझं घोडं अडलं ते उंबरठ्याशी. पावसाचं पाणी आत येऊ नये म्हणून आमच्याकडे गच्चीच्या दाराला चांगला चार बोटं उंच ग्रॅनाइटचा उंबरठा आहे, आणि पुण्यातल्या बऱ्याच इमारतींत तो असतोच. स्टँडची चाकं जेमतेम दीड-दोन इंची. ती उंबरठ्याला टेकतात आणि तिथेच थांबतात. मागून ढकललं तर कुंडी पुढे कलते, चाक मात्र जागचं हलत नाही. म्हणजे दारापर्यंत आरामात आणलेली कुंडी शेवटी कवेत घेऊन पलीकडे ठेवायचीच. जे टाळायला स्टँड घेतलं तेच नेमकं सगळ्यात अवघड जागी, दाराच्या चौकटीत अंग चोरून करायचं. फरशांच्या सांध्यातही हाच प्रकार, फक्त लहान प्रमाणात. सांध्यात खडा आला की चाक आडवं होतं आणि ते सोडवायला पुन्हा वाकावं लागतं. बाकी सगळं मी चालवून घेतलं असतं, उंबरठ्याचं मात्र जमेना.

दोनचाकी ट्रॉली म्हणजे किराणा दुकानात पोती हलवायला असते ती, उभा दांडा आणि तळाशी ओझं ठेवायला आडवा पत्रा असलेली. तिची चाकं सहा-आठ इंची. पाठ दाराकडे करून ट्रॉली मागे कलवायची, चाकं उंबरठ्याला टेकवायची आणि पायाचा जोर लावून सावकाश ओढून घ्यायची. कुंडीचा भार आसावर येतो, हाताला फक्त तोल सांभाळायचा असतो. कंबर सरळ राहते.

तिलाही खोडी आहेत. आपल्या कुंड्या वर रुंद आणि खाली निमुळत्या, त्यामुळे काठ आधी दांड्याला टेकतो आणि तळ पत्र्यावर पूर्ण येत नाही. काठाखालच्या पोकळीत घडी घातलेलं गोणपाट द्यावं आणि वरून पट्टा आवळावा. सिमेंटच्या कुंडीचा काठ त्यामुळे टवकेही खात नाही. दुसरं म्हणजे, पत्रा कुंडीखाली सरकवायला फट लागते. त्यासाठी मी प्रत्येक मोठी कुंडी शहाबादी फरशीच्या दोन तुकड्यांवर ठेवतो, मध्ये पत्र्याच्या रुंदीएवढी जागा सोडून. तळाचं भोकही त्यामुळे मोकळं राहतं, पाणी तुंबत नाही. शिवाय ट्रॉली ठेवायला जागा लागते, हेही खरं. आम्ही इमारतीत चौघांनी मिळून एकच घेतली आहे, ती जिन्याखाली असते.

तुमच्या घराला उंबरठा नसेल, फरशी सपाट असेल, तर माझं म्हणणं थोडं बाजूला ठेवा. पण तीन-चारपेक्षा जास्त मोठ्या कुंड्या असतील तर प्रत्येकीला वेगळं स्टँड घेण्यापेक्षा एक ट्रॉली बरी पडेल असं मला वाटतं.

घेताना घडीची, हलकी ॲल्युमिनियमची मोहात पाडते. तिचा पत्रा अरुंद असतो आणि चाकं पुन्हा लहानच. लोखंडी, न घडी होणारी, भरीव रबराच्या चाकांची पाहा. हवेची चाकं धक्के छान झेलतात, पण वर्षातून मोजक्या वेळा लागणाऱ्या ट्रॉलीची हवा ऐन वेळी गेलेली असते. आणि कुंडी हलवायच्या आधी दोन दिवस पाणी तोडा. मोगरा, जास्वंद, कढीपत्ता एवढं सहज सोसतात, आणि वजनात पडणारा फरक दांडा हातात घेतल्याबरोबर कळतो.