सेकंडहँड पेलेट शेगडी घेताय? नागपुरातला माझा अनुभव आधी वाचा

मानेवाड्याला माझं घरीच डब्यांचं काम आहे. होस्टेलच्या मुली, बँकेत नोकरीला असलेली काही माणसं आणि मुलं बाहेरगावी गेल्यामुळे एकटे राहणारे आजी-आजोबा, असे माझे गिऱ्हाईक. १४.२ किलोचं घरगुती सिलेंडर धंद्याला वापरता येत नाही, आणि १९ किलोचं कमर्शियल सिलेंडर डब्याच्या भावात बसेना. म्हणून पेलेटवर चालणारी शेगडी घ्यायचं ठरवलं. नवीचा भाव आवाक्याबाहेर होता, त्यामुळे सेकंडहँड पाहिली. वाडीच्या बाजूला गोदाम घेऊन बसलेल्या एका माणसाने मला खराब शेगडी विकली, आणि त्याहून वाईट म्हणजे ती दुरुस्त करून देतो असं सांगत सांगत आणखी पैसे काढले. त्याच्याकडे जाणारे बहुतेक माझ्यासारखेच, घरून मेस चालवणारे किंवा पोह्याचा ठेला लावणारे लोक आहेत. ते वाचावेत म्हणून हे लिहीत आहे.

ज्यांनी ही शेगडी पाहिली नाही त्यांना तिचं काम आधी सांगते, कारण फसवणूक नेमकी त्यातच लपलेली होती. लाकडाचा भुसा, सोयाबीनचं कुटार, पऱ्हाटी (कपाशीच्या वाळक्या काड्या) असा माल मशीनमध्ये दाबून पेन्सिलीएवढ्या जाड कांड्या करतात, ते पेलेट. शेगडीच्या बाजूला पेलेट टाकायचा हॉपर, मधे बर्नर, खाली राखेचा ट्रे आणि मागे ब्लोअर असतो. ब्लोअरची हवा दोन वाटांनी जाते. थोडी खालच्या जाळीतून पेलेटला लागते, ते धुमसतात आणि त्यांच्यातून गॅस सुटतो. उरलेली हवा बर्नरच्या वरच्या कडेला असलेल्या बारीक भोकांतून जोरात येते आणि तो गॅस तिथे जळतो. म्हणून चांगल्या शेगडीला धूर जवळजवळ नसतो. बर्नरला भेग असली की हवा मधेच निसटते, वरच्या भोकांपर्यंत जोराने पोचत नाही, आणि न जळलेला गॅस धूर होऊन बाहेर पडतो.

आम्ही गोदामात पोचलो तेव्हा शेगडी आधीच पेटवून ठेवलेली होती. वर पाण्याचा मोठा गंज, म्हणजे पातेलं, पाणी खळखळ उकळतंय, धुराचा पत्ता नाही. बॉडीवर ताजा सिल्व्हर पेंट. "ताई, फक्त बटण दाबा, गॅस विसरून जाल," असं तो म्हणाला. आतून पाहायची म्हटलं तर "आता गरम आहे ना, हात भाजेल." बॉडीवर कंपनीची पट्टी दिसत नव्हती, नुसती रिव्हेटची दोन भोकं होती. विचारलं तर म्हणे पेंट मारताना काढली, शोधून पाठवतो. बिल मागितलं तर जुन्या मालाला बिल कुठून येणार म्हणे, गॅरंटी माझी, एक फोन करा, पोरगा येऊन जाईल. ९,५०० रुपये यूपीआयने घेतले आणि साध्या कागदावर चिठ्ठी दिली. छोटा हत्ती करून शेगडी घरी आणली.

सुरुवातीला चांगली चालली. मग हळूहळू ज्योत पिवळी व्हायला लागली, गंजाच्या बुडाला काजळी धरायला लागली, वरणाला वेळ लागायला लागला. हॉपरच्या झाकणातून धूर यायचा. फोन केला तर पोरगा आला, शेगडीला दोन ठोके मारले, सर्व्हिसचे पैसे घेतले आणि पेलेट ओले आहेत म्हणाला. पेलेट तर त्यांनीच शेगडीसोबत दिलेले. मग "ड्राय क्वालिटीची" बारदानं त्यांच्याकडूनच घ्यावी लागली, जास्त भावाने. ती उघडली तेव्हा वरचा थर चमकदार भुऱ्या कांड्यांचा आणि हात आत घातला की खाली काळपट, बोटाने दाबताच फुटणारा माल. दोन गंज होतात न होतात तोच ट्रे राखेने भरायचा. जाळीवर राख वितळून टणक गोळे बसायचे, ते सळईने फोडावे लागायचे. पेलेटमध्ये माती मिसळली असली किंवा धानाची टरफलं जास्त असली की असंच होतं. धानाच्या टरफलात वजनाच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास राखच असते, आणि चांगल्या लाकडी भुशाच्या पेलेटला ती शेकडा एकच्या आसपास.

मग पोरगा म्हणाला, ब्लोअर कमजोर झाला, कंपनीचा मागवावा लागेल. २,२०० रुपये पाठवा. पाठवले. जुना ब्लोअर तो काढून घेऊन गेला आणि नवा लावून गेला. त्या दिवसापासून शेगडी पार बसली. पुन्हा फोन केला तर विक्रेता माझ्यावरच उलटला, "ताई, माल बराबर आहे, तुमची पेटवायची पद्धत चुकून राहिली." पुढच्या वेळी तुमच्याकडे व्होल्टेज कमी आहे, स्टॅबिलायझर घ्या, तोही मी देतो. माझी प्रत्येक तक्रार त्याच्यासाठी नवी विक्री होती, हे मला सगळ्यात जास्त लागलं. शेगडी नीट चालली असती तर त्याचं नुकसानच होतं.

डिसेंबरातल्या एका संध्याकाळी थंडी चांगलीच होती म्हणून मागच्या टिनाच्या खोलीचं दार ओढलेलं होतं. सासूबाई पोळ्या लाटत बसल्या होत्या. डोकं जड झालं, मळमळतंय म्हणाल्या आणि उठायला गेल्या तर तोल गेला. त्यांना लगेच अंगणात आणून बसवलं, मोकळ्या हवेत हळूहळू बरं वाटलं, तरी डॉक्टरांना दाखवलंच. अर्धवट जळणाऱ्या शेगडीतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोकेदुखी, मळमळ, चक्कर हीच त्याची खूण, आणि झोपेत असेल त्याला तीही कळत नाही. पैशाचं सोडा, त्या माणसाने माझ्या घरात काय पाठवलं होतं ते मला त्या संध्याकाळी समजलं. कोणतीही पेलेट, कोळसा किंवा लाकडाची शेगडी बंद खोलीत पेटवू नका. थंडी कितीही असो, दार-खिडकी उघडी ठेवा.

शेजारचे काका कोराडीच्या पॉवर हाऊसमधून फिटर म्हणून रिटायर झाले आहेत. त्यांनी शेगडी अंगणात घेतली, पूर्ण थंड होऊ दिली आणि खोलली. बर्नरच्या आत मोबाइलचा टॉर्च ठेवून वर पोतं टाकलं आणि बाहेरच्या बाजूने पाहायला सांगितलं. वेल्डिंगच्या रेषेला लागून उजेडाची एक लांब पट्टी दिसत होती. ती भेग आधी फायर सिमेंटने भरून वरून सिल्व्हर पेंट मारलेला होता. लोखंड तापून पसरतं, थंड होऊन आकसतं, तसं ते सिमेंट सुटत गेलं आणि त्याचे पापुद्रे राखेच्या ट्रेमध्ये पडत राहिले. मी ते राखेसोबत फेकत होते. हॉपरच्या झाकणाला सील म्हणून जी दोरी असायला हवी ती नव्हतीच. तिथे एम-सील फासलेलं होतं, ते जळून काळं झालेलं. झाकणातून हवा शिरली की आग हॉपरमधल्या पेलेटकडे उलटी चढू शकते, हे काकांनी सांगितलं तेव्हा माझे हातपाय गार पडले.

आणि "कंपनीचा ब्लोअर"? तो कॉम्प्युटरच्या डब्यात असतो तसला १२ व्होल्टचा पंखा होता. तो मोकळ्या जागेत हवा फिरवतो, पण पेलेटच्या थरातून आणि बारीक भोकांतून हवा ढकलण्याइतका दाब त्याला जमत नाही. म्हणजे माझ्या शेगडीत चांगली अशी एकच वस्तू होती, तो जुना ब्लोअर, आणि दुरुस्तीच्या नावाने तीच काढून नेली. फोटो पाठवून जाब विचारला, त्यानंतर माझा नंबर ब्लॉक. गोदामावर आता दुसराच बोर्ड आहे. शेगडीचा फोटो मात्र तसाच सिल्व्हर पेंटचा, नव्या नंबरखाली विकायला टाकलेला मला दिसला आहे.

तुम्ही घ्यायला जाल तर फोनवरच सांगा की मी येईपर्यंत शेगडी पेटवू नका, आणि गेल्यावर बॉडीला हात लावून ती थंड आहे ना ते पाहा. थंड शेगडी दाखवायला जो नकार देतो त्याच्याकडून निघून या. टॉर्च लावून बर्नर पाहा. ब्लोअर चालू करून प्रत्येक सांध्याजवळ पेटलेली अगरबत्ती फिरवा, धूर एकदम ढकलला गेला की तिथून हवा निसटते आहे. पेलेट स्वतःचे न्या आणि तासभर तरी चालवून पाहा, दहा मिनिटांत काही कळत नाही. पेलेटची मूठ पोत्याच्या तळातून काढा, ग्लासभर पाण्यात टाका, भुसा सुटून मोकळा होईल, आणि माती असेल तर ती तळाला बसेल. कंपनीची पट्टी आणि सिरीयल नंबर नसेल तर कंपनीकडून पार्ट मिळवणंही अवघड होतं. दुरुस्तीला पार्ट काढला तर जुना आपल्याजवळ ठेवून घ्या.

मला काही जणांनी सांगितलं की तू धंद्यासाठी घेतली, तुला ग्राहक म्हणून तक्रार करता येणार नाही. ते चूक आहे. स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या व्याख्येत व्यावसायिक धरली जात नाही. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर बोलता येतं. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील लावणं सक्तीचं नाही, तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते आणि ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल होते. मी केली आहे. बिल नव्हतं, पण यूपीआयच्या पावत्या, व्हॉट्सअॅपवरचं बोलणं आणि ती चिठ्ठी जोडली आहे.

ज्यांनी याच माणसाकडून शेगडी घेतली असेल त्यांना एक विनंती. चिडून ती भंगारवाल्याला देऊ नका. बर्नर, लावून दिलेला पंखा, जळालेलं झाकण, पेलेटचं उरलेलं पोतं, सगळं जपून ठेवा, फोटो काढून ठेवा, आणि व्हॉट्सअॅपचं बोलणं मूळ फोनमधून पुसू नका. वस्तूत दोष आहे का हे ठरवायला आयोग ती तपासणीला पाठवू शकतो, आणि तपासायला ती वस्तू तुमच्याजवळ असावी लागते.