व्हाइटलिस्टमधल्या नावानेच येतं खोटं बिल

पुरवठादाराची बिलं सारखी स्पॅममध्ये जातात, म्हणून अकाउंट्सवाले आयटीला सांगतात, "त्यांचं डोमेन व्हाइटलिस्ट करून टाका." म्हणजे त्या डोमेनचे (पत्त्यातल्या @ नंतरच्या नावाचे) मेल स्पॅमच्या चाळणीशिवाय आत सोडायचे. दोन मिनिटांचं काम. फसवणुकीचं दार इथेच उघडतं. कळतं मात्र खऱ्या पुरवठादाराचा "पेमेंट कधी करताय?" असा फोन येतो तेव्हा.

ईमेलला पाठवणाऱ्याचे पत्ते दोन असतात. एक पाकिटावरचा, सर्व्हर आपसात वापरतात तो. दुसरा आतल्या पत्रावरचा, आपल्याला 'फ्रॉम' म्हणून दिसतो तो, आणि तिथे कुणीही काहीही लिहू शकतं. एसपीएफ, म्हणजे हा सर्व्हर त्या डोमेनतर्फे मेल पाठवू शकतो का ही तपासणी, बघते पाकीट. भामटा पाकिटावर स्वतःचं डोमेन टाकतो, एसपीएफ पास होतं. आत नाव पुरवठादाराचं. ही तफावत डीमार्क (दिसणारा 'फ्रॉम' तपासलेल्या डोमेनशी जुळतो का, हे बघणारी तपासणी) पकडतं, आणि पुरवठादाराने ते लावलं असेल तर हेडरमध्ये (मेलसोबतच्या तांत्रिक नोंदींत) 'डीमार्क=फेल' असं उमटतंही. पण नुसता 'फ्रॉम' बघणारी व्हाइटलिस्ट त्या निकालाला विचारतच नाही. मेल थेट इनबॉक्समध्ये: "आमचं बँक खातं बदललं आहे." खात्री करायला रिप्लाय दाबावा, तर 'रिप्लाय-टू'मध्ये (उत्तर जिथे जातं त्या जागी) एका अक्षराचा फरक असलेला पत्ता. होकारही भामट्याचाच येतो.

स्वतःच्या कंपनीचं डोमेन यादीत टाकणं तर शुद्ध आत्मघात. मग साहेबांच्या नावाने कुणीही मेल करावा.

नोंद करायचीच तर अट घालून करा: डोमेन जुळलं पाहिजे आणि डीमार्कही पास झालं पाहिजे. फक्त आयपीवर (पाठवणाऱ्या सर्व्हरच्या अंकी पत्त्यावर) विसंबू नका. सामायिक मेल सेवेच्या एकाच आयपीवरून अनेक ग्राहकांचे मेल निघतात. आयपीपुढे '/१६' लिहून अख्खा पट्टा दिलात तर एका ओळीत ६५,५३६ पत्ते आत आले. फायरवॉलवर "सध्यापुरतं" म्हणून ०.०.०.०/०, म्हणजे इंटरनेटवरच्या कुणालाही, दार उघडणारेही असतात. ते सध्यापुरतं वर्षानुवर्षं तसंच राहतं. म्हणून प्रत्येक नोंदीपुढे कोणी मागितली आणि कधी काढायची, हे लिहा. खरं तर बिलं स्पॅममध्ये जाण्याचं कारण बहुधा पुरवठादाराच्या एसपीएफ किंवा डीकिममध्ये (मेलवरच्या डिजिटल सहीमध्ये) असतं. दुरुस्ती त्यांना करू द्या.

पुरवठादाराचा मेलबॉक्सच हॅक झाला असेल, तर मात्र सगळं पास होतं. खातं बदलल्याचा मेल आला की जुन्या करारातल्या नंबरवर फोन करा, मेलमधल्या नव्हे.

पैसे गेलेच असतील तर आधी बँकेला फोन. मूळ मेल डिलीट करू नका, फॉरवर्डही नको, त्यात मूळ हेडर नाहीसे होतात. पूर्ण मेल फाइल म्हणून सेव्ह करून तक्रारीला जोडा.