अकोंकाग्वा बेस कॅम्पची सेवा: वारा असताना कशी वाटली

अर्जेंटिनातल्या अकोंकाग्वा शिखराहून (६,९६१ मीटर) परतलेल्याला आपल्याकडे दोनच प्रश्न विचारतात: शिखर झालं का आणि खर्च किती आला. जेवणाचा तंबू कसा होता, हे कुणी विचारत नाही. मी मात्र तळावरची सोय करणाऱ्या कंपनीला गुण त्यावरूनच देईन, कारण या डोंगरावर चालण्याइतकंच बसून राहणंही असतं.

प्लाझा दे मुलास हा बेस कॅम्प सुमारे ४,३०० मीटरवर. खाली लख्ख ऊन आणि वर शिखरावर भिंगाच्या आकाराचा ढग ठाण मांडून. तो दिसला की ‘व्हिएंतो ब्लांको’ सुरू झाला समजायचं: पॅसिफिककडून येणारा पश्चिमेचा वारा बर्फ उधळत सुटतो आणि वर गेलेले गट मुकाट्याने खाली येतात.

जवळच्या मेंडोझा शहरातल्या एका कंपनीकडून आम्ही खेचरं, जेवण आणि तळावरची सोय एवढंच घेतलं होतं. झोपायचे तंबू रात्रभर असे फडफडायचे की शेजारच्याशी ओरडून बोलावं लागे. जेवणाचा घुमट मात्र भक्कम. आत खुर्च्या पाठीच्या, थर्मास कायम भरलेले. पाठीच्या खुर्चीची किंमत बसून बसूनच कळते! तळ सांभाळणाऱ्या बाई रोज संध्याकाळी फळ्यावर वाऱ्याचा वेग लिहायच्या, वरच्या निदो दे कोंदोरेस कॅम्पचा वेगळा, शिखराचा वेगळा. “उद्या नाही” हे त्या स्पष्ट सांगायच्या. शेजारचा एक गट तरीही निदोला गेला आणि तंबूचे मोडके पोल घेऊन परतला.

शाकाहारी जेवण म्हणजे पास्ता, मसुराचं सूप, चीज आणि परत पास्ता. असादोच्या, म्हणजे निखाऱ्यावर भाजलेल्या मांसाच्या जेवणाच्या रात्री माझ्या ताटात भाजलेली ढोबळी मिरची आली. इथे पाणी ८६ अंशांच्या आसपासच उकळतं, पण स्वयंपाकघरात कुकर आहे, त्यामुळे भात नीट शिजतो. मी नेलेलं मेतकूट त्या भातावर स्वयंपाक्यानेही दोनदा घेतलं. वाय-फायला पैसे पडतात आणि वारा वाढला की नेमकं तेच बंद.

बुकिंग करताना एक गोष्ट लेखी घ्या: हवेमुळे मुक्काम वाढला तर रोजचा दर काय. आम्हाला तो तळावर पोचल्यावर कळला, तोही डॉलरमध्ये. पाचपैकी चार तारे. पाचवा त्या बिलात गेला.