काचेच्या छताच्या रिव्हियनवर मिडलँडचा रेडिओ

कोलोरॅडोतल्या अल्पाइन लूपला जाणार असाल, तर मोबाइलवर विसंबू नका. सिल्व्हरटन, उरे आणि लेक सिटी यांना जोडणारा हा सुमारे ६५ मैलांचा कच्चा रस्ता. सिनॅमन पास १२,६४० फुटांवर आहे, आणि वर बहुतेक ठिकाणी नेटवर्क नसतंच. आम्ही दोन गाड्या घेऊन जातो: आमची इलेक्ट्रिक पिकअप रिव्हियन आर१टी आणि भाऊजी-जाऊबाईंची जीप. पुढच्या गाडीनं "समोरून दोन येतायत, रुंद जागा बघून थांबा" एवढं वेळेत सांगितलं, की कड्यावर रिव्हर्स घ्यायची पाळी येत नाही. त्यासाठी मी मिडलँड कंपनीचा एमएक्सटी २७५ हा जीएमआरएस (लायसन्स घेऊन वापरायची अमेरिकेतली दुतर्फी रेडिओ सेवा) रेडिओ घेतला आणि तो बेहद्द आवडला आहे.

जुने जीपवाले सीबी, म्हणजे ट्रकवाले वापरतात तसला जुना दुतर्फी रेडिओ, घ्या म्हणतात. पण सीबी २७ मेगाहर्ट्झच्या आसपास आणि मुख्यतः एएमवर चालतो, आणि इलेक्ट्रिक गाडीचा इन्व्हर्टर (बॅटरीची वीज मोटरला पुरवणारा भाग) नेमकी एएममध्येच खरखर मिसळतो. हे कारण देऊन काही कंपन्यांनी इलेक्ट्रिक गाड्यांतून एएम रेडिओच काढून टाकला. जीएमआरएस ४६२ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात, एफएमवर चालतो. चढावर मोटर जोर लावत असतानाही आमच्याकडे आवाज स्वच्छ येतो. त्यात गाडीत इंजिनाची घरघर नाही, त्यामुळे रेडिओ अगदी हळू ठेवला तरी मागच्या सीटवर सासूबाईंनाही सगळं ऐकू जातं.

खरी मेहनत अँटेनाची. सोबत मिळतो तो चुंबकाचा, आणि आर१टीचं छत काचेचं! शिवाय असा छोटा अँटेना खाली धातूचा पत्रा आहे असं धरून बनवलेला असतो. तो पत्रा त्याचा अर्धा भाग असल्यासारखं काम करतो. काचेवर तो कसाबसा चिकटवला तरी पत्र्याची उणीव भरून निघत नाही. खाली कुठे बसवावा, तर एका बाजूला केबिनच आडवी येते. म्हणून छताच्या आडव्या बारला ब्रॅकेट लावला आणि त्यावर पत्र्याची गरज नसलेला हाफ-वेव्ह अँटेना बसवला. केबल मागच्या दाराच्या रबरातून आत घेतली. आत शिरण्याआधी तिला खाली झुकणारा एक वळसा दिला, म्हणजे पाणी तिथेच ठिबकतं, आत येत नाही. छिद्र एकही पाडलं नाही. बोलण्याआधी एसडब्ल्यूआर मीटर (अँटेना रेडिओशी किती जुळला आहे ते दाखवणारा) लावून बघाच. १.५ च्या खाली असेल तर निश्चिंत राहा; जास्त असेल तर ताकद अँटेनातून बाहेर पडण्याऐवजी रेडिओकडे परत येते.

बाकी काम सोपं आहे. मुख्य डबा लहान, तो सीटखाली बसला. सगळी बटणं आणि पडदा माइकवरच असल्यामुळे डॅशबोर्डला हात लावावा लागला नाही. वीज १२ व्होल्टच्या सॉकेटमधून. नारिंगी केबल दिसली की हात मागे घ्या, ती हाय व्होल्टेजची असते. गाडी झोपली, म्हणजे उभी राहून आपोआप बंद झाली, की सॉकेट बंद होतं, हे मुक्कामाच्या जागी लक्षात ठेवा.

हा रेडिओ १५ वॉटचा आहे. ५० वॉटचाही मिळतो, पण त्याला सॉकेट पुरत नाही, वायर थेट १२ व्होल्टच्या बॅटरीपर्यंत न्यावी लागते. इलेक्ट्रिक गाडीत मी ते करणार नाही. या पट्ट्यातल्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. मध्ये डोंगर आला तर ५० वॉटही फारसे उपयोगी पडत नाहीत. तोच पैसा चांगल्या अँटेनात घालावा, असं माझं ठाम मत आहे.

लायसन्स लागतं, परीक्षा नाही. फी ३५ डॉलर, मुदत १० वर्षं. त्यात नवरा, मुलं, आईवडील, भावंडं, काका-मामा, भाचरं आणि सासरची मंडळीसुद्धा येतात, म्हणून जीपमधले भाऊजी माझ्याच कॉल साइनवर (लायसन्ससोबत मिळणाऱ्या ओळख-क्रमांकावर) बोलतात. बोलणं मराठीत चालतं. कॉल साइन मात्र इंग्रजीत सांगावी लागते, संभाषण संपताना आणि ते लांबलं तर दर १५ मिनिटांनी. अर्ज एफसीसीकडे (अमेरिकेतल्या दूरसंचार नियामक संस्थेकडे) ऑनलाइन होतो. निघायच्या आदल्या दिवशी धावपळ नको, रेडिओ मागवाल त्याच दिवशी अर्जही भरून टाका.