फेअरफोन ५ : उघडता येणारा फोन

फोनच्या बॅटरीत लागणाऱ्या कोबाल्ट धातूच्या खाणीत कोण राबले आणि जुळणीच्या कारखान्यात कोणाला किती मजुरी मिळाली, हे प्रश्न फोन घेताना सहसा कोणी विचारत नाही. ॲमस्टरडॅमच्या फेअरफोन कंपनीने मात्र आपला धंदाच त्यांवर उभा केला आहे. २०२३ साली आलेल्या फेअरफोन ५ चे मागचे झाकण नखाने उघडते, बॅटरी हाताने निघते आणि स्क्रीन किंवा चार्जिंग पोर्ट बदलायला साधा स्क्रू ड्रायव्हर पुरतो. सॉफ्टवेअर अपडेट २०३१ पर्यंत पुरवता यावेत म्हणून औद्योगिक उपकरणांसाठी बनवलेली, निर्मात्याकडून जास्त वर्षे पाठबळ मिळणारी क्वालकॉम कंपनीची चिप निवडली आहे. त्यामुळे त्याच किमतीच्या इतर फोनांपुढे वेगात तो मागे पडतो, पण रोजच्या कामाला तेवढा वेग पुष्कळ झाला. हेडफोन जॅक नसणे मला खटकते, कारण वायरचे चांगले चालते हेडफोन त्यापायी अडगळीत जातात (आणि हीच कंपनी वायरलेस इअरबड्स विकते!). फोनची जुळणी करणाऱ्या कामगारांना कंपनी मजुरीखेरीज देते तो बोनस स्वागतार्ह असला, तरी सुट्या भागांच्या लांबलचक साखळीतल्या प्रत्येकापर्यंत तो पोहोचत नाही. हातातला फोन चालत असेल तर तोच वापरावा. खरोखरच निकामी झाला असेल, तर हा जरूर पाहावा.