भाषेची डिग्री की भाषाविज्ञान? दोन्ही बाकांवर बसून आलेल्याचं मत

भाषांची आवड आहे, मग मेजर म्हणून एखादी परकी भाषा घ्यावी की सरळ भाषाविज्ञान, या प्रश्नात माझं एक अख्खं वर्ष गेलंय, कारण पहिलं वर्ष मी जर्मनचं केलं आणि मग तिथून उठून भाषाविज्ञानात गेलो. दोन्हीकडे काय काय शिकवतात ते सिलॅबसमध्ये असतंच, ती यादी परत देत नाही.

आधी जर्मनची बाजू सांगतो, नंतर माझा कल दिसेलच आणि मग तिच्यावर अन्याय झाला असं नको. भाषेच्या डिग्रीत प्रगती डोळ्यांना दिसते. पहिल्या आठवड्यात स्वतःचं नाव सांगता येतं, वर्षाच्या शेवटी लहान मुलांसाठीचं पुस्तक डिक्शनरी घेऊन का होईना वाचून होतं. ए१, ए२, बी१ अशा ठरलेल्या पायऱ्या आहेत, त्यामुळे काय चाललंय असं कुणी विचारलं तर "बी१ झालं" एवढं म्हटलं की विषय संपतो. भाषाविज्ञानात ही सोय नाही. तिथे "मग तुला किती भाषा येतात?" हा प्रश्न डिग्रीभर पुरतो आणि खरं उत्तर "आधी येत होत्या तेवढ्याच" असं असतं, ते देताना जरा ओशाळायला होतं. मी एक पूर्ण असाइनमेंट आफ्रिकेतल्या स्वाहिली भाषेतल्या नामांच्या वर्गांवर (आपल्या लिंगांसारखे नामांचे गट) लिहिलीय पण स्वाहिलीत कुणाकडे पाणी मागता येणार नाही मला. हां, एवढं मात्र सांगू शकतो की अरबीतला आपला ओळखीचा 'किताब' तिकडे 'किताबु' म्हणून गेला, आणि त्यांच्याकडे 'कि' हा एकवचनाचा आणि 'वि' हा अनेकवचनाचा उपसर्ग असल्यामुळे त्यांनी त्याचं अनेकवचन चक्क 'विताबु' केलं. हे वाचून तुम्हाला मजा आली की "बरं, मग?" असं वाटलं, ते लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

आता माझं बिनसलं कुठे ते. जर्मनमध्ये 'वाइल' म्हणजे 'कारण', आणि नियम असा की वाइल आलं की क्रियापद वाक्याच्या शेवटी गेलं पाहिजे. आम्ही तो घोटून घोटून पाठ केला, चुकलं की मार्क कापले जायचे. आणि एक दिवस एका मुलाखतीत जर्मन बाई सरळ वाइल म्हणून क्रियापद साध्या वाक्यासारखं दुसऱ्या क्रमांकाच्या जागी टाकून मोकळी झाली. मला वाटलं ऐकण्यात चूक झाली, परत ऐकलं, तेच. मग लक्ष देऊन ऐकायला लागलो तर बोलताना बरेचजण असं करतात. वर्गात विचारलं तर उत्तर मिळालं की बोलताना लोक चुकतात, तुम्ही पेपरात लिहू नका. सरांचं तसं काही चुकलं नव्हतं म्हणा, आम्हाला पास करणं हे त्यांचं काम होतं आणि पेपरात ते खरंच चूक धरलं गेलं असतं. पण माझ्या डोक्यात किडा गेला. जन्मापासून ती भाषा बोलणारी माणसं रोज एकाच जागी एकच 'चूक' करतात, आणि 'जर' या अर्थाच्या 'वेन' नंतर मात्र तीच माणसं ती सहसा करत नाहीत, मग ही चूक कसली? चूक इतकी शिस्तीत होते का कुठे? आणि हे एकदाच झालं असतं तर मी विसरलोही असतो, पण वर्षभर मी जे जे विचारलं त्याला "असंच असतं" नाहीतर "अपवाद आहे" यातलं एक उत्तर यायचं. मला जर्मनचा कंटाळा आला नव्हता, "असंच असतं"चा आला होता.

भाषाविज्ञानात गेल्यावर दुसऱ्याच सेमिस्टरला हेच वाइल समोर आलं, आणि चूक म्हणून नाही तर डेटा म्हणून. तिथे कळलं की 'कारण' दोन प्रकारचं असतं. "तो आला नाही, कारण तो आजारी आहे" यात आजार हे न येण्याचं कारण आहे. पण "तो घरी आहे, कारण दिवा चालू आहे" यात दिव्यामुळे तो घरी आलेला नाही, दिव्यावरून मी तसं म्हणतोय. जर्मन माणूस बोलताना क्रियापद पुढे आणतो ते या दुसऱ्या अर्थी विशेष चालतं (फक्त तिथेच असं नाही, पण तिथे चपखल बसतं). आता मराठीत तीच दोन वाक्यं 'म्हणून' घालून उलटी करून बघा. "तो आजारी आहे म्हणून आला नाही", एकदम ठीक. "दिवा चालू आहे म्हणून तो घरी आहे", मला तरी हे विचित्र वाटतं, जणू दिवा विझला की तो निघून जाईल. म्हणजे हा फरक आपल्याकडेही आहे आणि आयुष्यभर मराठी बोलून मला त्याचा पत्ता नव्हता. त्या लेक्चरनंतर मी परत जर्मनकडे जाण्याचा विचार केला नाही.

पुढे तर असंही कळलं की जर्मन वाक्यात क्रियापदाची मूळ जागा शेवटचीच मानतात, मराठीसारखी, आणि साध्या वाक्यात ते तिथून उचलून दुसऱ्या जागी आणलेलं असतं. हे पहिल्या वर्षी कुणी सांगितलं असतं तर माझं अर्धं पाठांतर वाचलं असतं. (काश्मिरीतही क्रियापद असंच दुसऱ्या जागी येतं, ही माहिती मी तेव्हापासून भेटेल त्याला देतो, मागितलेली नसताना.)

स्वतःच्या भाषेचंही तेच होतं. "त्याने पुस्तक वाचलं" यात 'ने' लागतो आणि "मी पुस्तक वाचलं" यात काहीच लागत नाही, 'तू'लाही नाही. का नाही, हा विचार मी कधी केलाच नव्हता. किंवा 'माझा' आणि 'माझी' म्हणून बघा, झ एकच लिहितो पण जीभ दोनदा वेगळ्या जागी लागते. आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपीत (तिथे प्रत्येक उच्चाराला वेगळी खूण असते) हे लिहायला बसलो तेव्हा कळलं. गंमत म्हणजे ती लिपी काढणारी संघटना १८८६ साली पॅरिसमध्ये सुरू केली ती भाषा शिकवणाऱ्या मास्तरांनीच. प्राट नावाचं, आवाजाचं चित्र काढून दाखवणारं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात स्वतःचा आवाज रेकॉर्ड करून बघा. मी ठामपणे सांगायचो की मी 'फ' दोन्ही ओठ मिटून म्हणतो. म्हणत नाही.

तक्रारी आहेतच. सिंटॅक्समध्ये, म्हणजे वाक्यरचनेच्या पेपरात, एका सेमिस्टरला जीव तोडून शिकलेली झाडं (वाक्याची रचना दाखवणाऱ्या फांद्या-फांद्यांच्या आकृत्या) पुढच्या सेमिस्टरला "ते आपण सोपं करून सांगितलं होतं" म्हणून पाडतात. शिक्षक ज्या थिअरीचे, तीच थिअरी बरेचदा तुमची होते, आणि डिपार्टमेंट छोटं असेल तर दुसरी कळतही नाही. एकच वाक्य बरोबर की चूक यावर वर्गात तीन मतं पडतात, आणि तेच दहा वेळा मनात म्हटलं की आपलं स्वतःचं मतही राहत नाही. त्यामानाने भाषेच्या डिग्रीत उत्तर चुकलं की चुकलं, आणि खरं सांगायचं तर काही दिवस मला त्याची आठवण यायची.

नोकरीचं थोडक्यात सांगतो कारण तिथे माझा अनुभव तोकडा आहे. भाषा चांगली आली तर शिकवणं, अनुवाद, दुभाष्याचं काम, हे सरळ रस्ते आहेत, फक्त साधासुधा अनुवाद आता मशीनही करतं हे धरून चला. भाषाविज्ञानात रस्ता आपणच काढायचा. एआयवाल्यांना भाषेची माणसं लागतात हे ऐकून कुणी येत असेल तर सोबत प्रोग्रामिंग आणि स्टॅटिस्टिक्स घ्या, नुसत्या झाडांवर कुणी बोलावत नाही. स्पीच थेरपीत जायचं असेल तर त्याचं वेगळं क्लिनिकल शिक्षण लागतं, ही डिग्री फक्त पाया.

तुम्हाला त्या भाषेत बोलायचं, राहायचं, वाचायचं असेल तर बिनधास्त भाषा घ्या, त्यात काही कमीपणा नाही. पण माझ्या मते (आणि हे फक्त माझं) भाषा संध्याकाळच्या क्लासला जाऊनही शिकता येते, बाहेर बोलणारी माणसं मिळतात, भाषाविज्ञान मात्र असं जाता जाता कुणी शिकवत नाही. आणि ठरत नसेल तर आंतरराष्ट्रीय भाषाविज्ञान ऑलिंपियाडचे जुने पेपर काढा, २००३ साली बल्गेरियात सुरू झालेली शाळकरी मुलांची स्पर्धा आहे, पेपर नेटवर फुकट मिळतात. कधी नाव न ऐकलेल्या भाषेची दहा-पंधरा वाक्यं दिलेली असतात आणि त्यातून नियम तुम्ही शोधायचा. एक प्रश्न घेऊन बसा आणि जेवायला हाक मारली तरी उठवेना असं झालं, तर काय ते समजा.

माझ्यासोबत जर्मनला असलेली मैत्रीण तिथेच राहिली, आता फाडफाड बोलते. मध्यंतरी तिला फोनवर कुणाशी तरी जर्मनमध्ये बोलताना ऐकलं, दोन मिनिटांत तीनदा वाइलनंतर क्रियापद दुसऱ्या जागी. फोन ठेवल्यावर तिला सांगितलं तर म्हणाली, "हॅ, मी कुठे असं बोलते?" पुढच्या वेळी रेकॉर्ड करू का विचारलंय, अजून हो म्हणालेली नाही.